पथ्यासाठी सोबत

मथुराबाईला कधी ताप आला नाही. गावात गोवर येऊन गेला, बहात्तरच्या उन्हाळ्यात गढूळ पाण्यानं घरोघरी जुलाब पसरले, तरी ती डोक्यावर दोन घागरी घेऊन उभीच. लोक कौतुकानं म्हणायचे, "मथुरा म्हंजी दगड हाय." हे कौतुक तिला आवडत नसे. एकदा शाळेच्या पायरीवर टेकून ती मला म्हणाली, "बाई, दगडाला कुणी इचारतंय का, जेवलास का म्हणून?"

माकणीपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात मी एकोणतीस वर्षं शिकवलं. माझी राहायची खोली शाळेमागं होती आणि तिच्या भिंतीला भिंत लावून चन्नबसप्पांचं घर होतं. चन्नबसप्पांची बायको कधीच वारली होती. घर दोन सुनांवर चालायचं. थोरल्या ईरण्णाची बायको मथुराबाई. उंच, काळीसावळी, हाडापेरानं मोठी. धाकट्या माणिकप्पाची बायको प्रेमाबाई. ती बारीक आवाजाची आणि तशीच बारीक अंगाची. मथुराबाईला ती अक्का म्हणायची.

लग्न होऊन आल्यापासून प्रेमाबाईचं एक होतं. सण झाला की ती अंथरुणाला खिळायची. पोट फुगायचं, तोंड यायचं, आठ-आठ दिवस अन्न ठरायचं नाही. आमच्याकडं तेव्हा रोजची भाकरी ज्वारीची आणि गहू सणापुरता. त्यामुळं सणाला नटलेल्या पोरीला नजर लागते, एवढाच अर्थ सगळ्यांनी काढला. मथुराबाई दिवसभर चुलीपुढं बसून पुरणाच्या पोळ्या करायची आणि संध्याकाळी मीठमिरच्या घेऊन जावेची दृष्ट काढायची. "पोळ्या माझ्या हातच्या आन् नजर तिला," ती म्हणायची. "मला कुणाची नजर बी लागंना."

मग बहात्तर साल आलं. ज्वारी उगवलीच नाही. रेशनला गहू मिळू लागला आणि पाझर तलावाच्या कामावर बायकांना गव्हाच्या पिठाची सुकडी. घरोघरी दोन्ही वेळेला गव्हाच्या चपात्या. एरवी ज्यासाठी सणाची वाट बघायची ते रोज ताटात आलं आणि लोक तोंड वाकडं करून खाऊ लागले. प्रेमाबाईही खात होती. तीन महिन्यांत ती इतकी वाळली, की टोपली उचलताना तोल जायचा. क्षय झाला म्हणून तिचं भांडं वेगळं झालं. शेवटी माणिकप्पानं तिला सोलापूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तिचं गहू खाणं बंद केलं आणि तीन आठवड्यांत ती स्वतःच्या पायांनी चालत एस. टी.तून उतरली.

डॉक्टरांचा कागद माणिकप्पानं माझ्याकडं वाचायला आणला. ओसरीवर सगळं घर गोळा झालं होतं. मी मोठ्यानं वाचलं: गहू, रवा, मैदा, सुकडी आयुष्यभर बंद, चिमूटभरसुद्धा नाही. ज्वारी, तांदूळ, डाळी, दूध चालेल. डॉक्टरांनी माणिकप्पाला तोंडी सांगितलं होतं, की गिरणीत गव्हावर ज्वारी दळली तर तेवढंही बाधेल.

चन्नबसप्पा विचार करून म्हणाले, "कणगीत बियाण्याची शाळू हाय. ती प्रेमाला. दळायची जात्यावर. मथुरा, तू दळ. तिच्या अंगात ताकद न्हाय."

बियाण्याची ज्वारी मोडायची म्हणजे काय, हे मी सांगायला नको. मथुराबाईला तीन लेकरं होती. धाकटी कस्तुरा चार वर्षांची. ती काकीच्या ताटापाशी जाऊन उभी राही आणि "आये, मला पांढरी भाकर" म्हणून रडे. मथुराबाई तिला दंडाला धरून मागं ओढायची. प्रेमाबाई मग सासऱ्याची पाठ फिरली की कोर मोडून पोरीच्या हातात द्यायची. पोर काकीच्या मांडीवर बसू लागली. मथुराबाईला दोन्हीचा राग यायचा, भाकरी न मिळण्याचा आणि मिळण्याचाही.

रोज दिवेलागणीला चन्नबसप्पा ओसरीवरून विचारायचे, "मथुरा, प्रेमा जेवली का?"

"जेवली मामंजी."

एवढंच. भिंतीपलीकडून मी हे वर्षानुवर्षं ऐकलं.

दुष्काळ सरला, कणग्या पुन्हा भरल्या, पण जातं मथुराबाईच्याच हाताला राहिलं. सगळं गाव गिरणीत जायचं. ती मात्र एका माणसासाठी पहाटे जात्याशी बसायची. प्रेमाबाईच्या अंगावर मांस चढलं, गाल भरले. एकट्या माणसाला काय लागतं, म्हणून तिची भाकरी तुपात भिजायची. लग्नाकार्याला आयाबाया तिच्यासाठी वेगळी चूल मांडायच्या, "हिला पथ्य हाय, हिला आधी वाढा" म्हणायच्या. मथुराबाई पंगतीत शेवटी बसून हे सगळं बघायची आणि शिळोप्याला माझ्यापाशी मोकळी व्हायची.

"बाई, तिला रोग झाला आन् राज्य मिळालं."

"अहो, तिला साधी पोळी खाता येत नाही."

"आन् मला भाकर कोण थापून देतंय?" मग ती आवाज उतरवून म्हणायची, "मला तर वाटतंय, तिचं कवाच बरं झालंय. गालफाडं बघा की. रोग असता तर गाल आले असते का?"

पथ्यानं माणूस बरा दिसतो म्हणून पथ्य सोडायचं नसतं, हे मी तिला दोन-तीनदा सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. पटलं नाही.

एक्क्याऐंशी साली आमच्याकडं बायकांची दूध सोसायटी निघाली. हिशेब-पत्रव्यवहार माझ्याकडं आला. प्रेमाबाईची म्हैस सगळ्यांत घट्ट दूध द्यायची. चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत जिल्ह्याच्या दूध संघानं अठरा बायकांची सहल ठरवली. मुंबईत दुधाचा कारखाना बघायचा आणि मग भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं गोव्याला. आमच्या गावातून प्रेमाबाईचं नाव निघालं. मी सोसायटीच्या वतीनं जायचं ठरलं.

प्रेमाबाई म्हणाली, "म्या न्हाय जात. समुद्रावर काय खाऊ?"

माणिकप्पानं संघाच्या ऑफिसात दोन हेलपाटे घातले आणि तिच्या जेवणाचं बघायला एका बाईला सोबत न्यायची परवानगी काढली. मथुराबाईशिवाय कोण असणार?

यादी मी लिहिली. मथुराबाई माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"प्रेमाच्या नावापुढं काय लिवलंय?"

"उत्कृष्ट दूध उत्पादक."

"आन् माझ्या?"

मला तेव्हाच थांबायला हवं होतं. मी वाचलं, "सोबत, पथ्यासाठी."

"म्हंजी भाकरीचं गाठोडं," ती म्हणाली आणि निघून गेली.

बोटीवर चूल-स्टोव्ह चालत नाही असं कळलं होतं, म्हणून कडक भाकरी न्यायच्या ठरल्या. आमच्या भागातल्या बायकांना ही भाकरी येते. पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि निखाऱ्याशी उभी करून पापडासारखी वाळवायची. महिनाभर टिकते. निघायच्या दिवशी मथुराबाई तेलाचा मोठा डबा भाकऱ्यांनी गच्च भरून, तोंडाला फडकं बांधून, मांडीवर घेऊन एस. टी.त बसली. भिंतीपलीकडं त्या आठवड्यात जात्याचा आवाज आला नव्हता, हे मला नंतर आठवलं.

मुंबईत आम्ही दोन दिवस एका धर्मशाळेत उतरलो. सगळ्यांना पुरीभाजी, प्रेमाबाईला डब्यातली भाकरी आणि शेंगांची चटणी. कारखान्यातल्या साहेबांनी उत्कृष्ट दूधवाल्या बायकांना एकेक नारळ दिला आणि प्रत्येकीचं नाव पुकारलं. मथुराबाई मागं डबा धरून उभी होती. साहेबांनी विचारलं, "या बाई कोण?" आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या केशरबाईच्या जिभेला हाड नव्हतं. ती म्हणाली, "ती व्हय? ती भाकरीवाली." सगळ्या हसल्या. प्रेमाबाईही हसली. मथुराबाईनं ते हसू बघितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बोटीवर चढलो. आमच्या तेरणा नदीपेक्षा मोठं पाणी आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं. डेकवर सतरंजी टाकून बसलो आणि पहिला तासभर सगळ्या नुसत्या "अगं बया, अगं बया" करत होत्या. प्रेमाबाई मात्र कठड्याला टेकून गप्प होती. आदल्या रात्रीपासून तिचं पोट बिघडलं होतं. मुंबईचं पाणी बाधलं असेल, असं तीच म्हणाली.

दुपारी वारा सुटला, बोट हेलकावू लागली आणि आमच्या निम्म्या बायका ओकू लागल्या. केशरबाई तर आडवी पडून कुलदैवताला नारळ बोलत होती. त्यांच्यात प्रेमाबाईही होती. शेजारी बसलेल्या वेंगुर्ल्याच्या एका म्हातारीनं लिंबू काढून दिलं. "समुद्र लागलो गो तिका. ह्या हुंगूक दी. किनारो दिसलो की बरी जातली."

सगळ्यांना तेच वाटलं. मलाही. मथुराबाईला अर्थातच काही झालं नव्हतं. ती डब्याला पाठ टेकून ताठ बसली होती आणि एकटक जावेकडं बघत होती.

चारच्या सुमाराला वारा पडला. बाकीच्या बायका उठून बसल्या, कुणी चहा मागवला, केशरबाईनं तर भजी मागवली. प्रेमाबाई तशीच होती. पोट नगाऱ्यासारखं, ओठांच्या कडा फुटलेल्या, डोळे आत. तिला धरून संडासाकडं नेता-आणता मी थकले. परत येऊन ती बसली आणि म्हणाली, "अक्का, एक भाकर द्या. पोटात कायतरी जाऊ द्या, उभंच राहवंना."

मथुराबाईनं डबा आणखी जवळ ओढला.

"अक्का?"

"नगं खाऊ," मथुराबाई म्हणाली.

केशरबाई भजी चघळत म्हणाली, "अगं दे की! सकाळपासून डबा उबवत बसलीस. तुझ्या बापाची जवारी हाय का?"

मीही जरा चिडून म्हणाले, "मथुराबाई, द्या ना तिला. त्यासाठीच तर आणल्यात."

मथुराबाई उठली. मला वाटलं, भाकरी काढतेय. तिनं फडकं सोडलं, डबा उचलला, दोन ढांगांत कठड्यापाशी गेली आणि सगळा डबा समुद्रात उलटा केला. भाकऱ्या पाण्यावर पसरल्या. बोटीमागं उडणारी पांढरी पाखरं खाली झेपावली. बायका ओरडल्या. म्हातारीनं "अन्न गो, अन्न!" म्हणून कपाळाला हात लावला.

रिकामा डबा घेऊन मथुराबाई परत आली आणि प्रेमाबाईपुढं बसली.

"जात्यावरचं न्हाय ते. गिरणीतनं आणलंय म्या. लग्नाचा गहू निघत हुता, त्याच्यावरच टाकली जवारी. गिरणीवाला म्हणला, आधी मूठभर टाकून दगड पुसून घेऊ. म्या न्हाय म्हणले."

प्रेमाबाईनं विचारलं, "का वो अक्का?"

"बघायचं हुतं."

"काय?"

"खरंच हाय का ते."

केशरबाईच्या हातातलं भजं हातातच राहिलं. प्रेमाबाई म्हणाली, "अकरा वर्सं दळलाव तुमी. एकदा मला इचारायचं हुतं की." मग तिनं तोंडावर पदर ओढला आणि पलीकडं तोंड करून पडून राहिली.

मथुराबाई बोलली नसती तर जन्मात कुणाला कळलं नसतं. सगळा दोष समुद्रावर गेला असता. मी पुष्कळ मुलांना शिक्षा केल्यात. आपणहून पुढं येऊन सांगणारी थोडी. पण त्या वेळी मला तिचा रागच आला होता, हे लपवत नाही. आणि काळजी ही, की आता प्रेमाबाईला खायला काय द्यायचं.

मी बोटीच्या उपाहारगृहात गेले. चपाती, पाव, मासे, भात. आचाऱ्याला सगळं पथ्य समजावून सांगितलं. त्यानं विचारलं, "भात नाही का चालत?"

"भातात कणीक-बिणीक काही असतं का?"

तो हसला. "बाई, भातात तांदूळ असतो आणि पाणी असतं."

तेव्हा मला डॉक्टरांचा कागद आठवला. ज्वारी, तांदूळ, डाळी, दूध. ओसरीवर मीच वाचला होता. तांदूळ हा शब्द तेव्हा कुणाच्याच कानात शिरला नाही. आमच्याकडं भात म्हणजे लग्नातला शेवटचा घास, नाहीतर तापकऱ्याला पेज. भात खाऊन कुणी जेवलं, असं आम्ही म्हणतच नाही. म्हणून तर भाताच्या मुलुखाला निघालेल्या बाईसाठी आम्ही डबाभर भाकऱ्या नेल्या आणि त्या सांभाळायला एक बाईही नेली.

वेगळ्या पातेल्यातला मोकळा भात, मीठ आणि म्हातारीचं लिंबू. प्रेमाबाईनं चार घास खाल्ले. ते ठरले. पणजीत एका डॉक्टरांना दाखवलं, औषध झालं. तिसऱ्या दिवशी ती हिंडूफिरू लागली. आणि मग गंमत अशी झाली, की जिथं जावं तिथं भातच. खानावळीत भात, देवळातल्या प्रसादाला भात, तिथल्या दूध संघाच्या पाहुणचाराला तांदळाची खीर. जन्मात पहिल्यांदा प्रेमाबाई काही न विचारता पंगतीत बसली आणि सगळ्यांबरोबर उठली. मथुराबाईला मात्र भातानं पोट भरेना. तिसऱ्या दिवशी ती भाकरीसाठी कासावीस झाली.

"पुढच्या येळेला तुझ्या पथ्याला सोबत धाडू प्रेमाला," केशरबाईनं टोमणा मारला.

वाळूवर माझ्याशेजारी बसून मथुराबाई म्हणाली, "बाई, हितं तर समदा मुलुखच तिच्या पथ्याचा निघाला." लाटांत पाय भिजवणाऱ्या प्रेमाबाईकडं ती बघत होती. त्या नजरेत पश्चात्ताप होता, असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. होताही. पण जळणंही होतं, आणि ते पूर्वीपेक्षा वाढलं होतं. आता प्रेमाबाईला तिच्या भाकरीचीही गरज राहिली नव्हती. सहल संपेपर्यंत प्रेमाबाई तिच्याशी एक शब्द बोलली नाही.

गावी आल्यावर प्रेमाबाईनं घरात कुणाला काही सांगितलं नाही. मला म्हणाली, "बाई, तुमीबी सांगू नगा. मामंजी तिला घराभाईर काढतेल." मात्र तिनं एक केलं. माणिकप्पाला सांगून जातं आपल्या खोलीत नेलं. गावात रोज भात कुठून आणणार? ज्वारीच दळायची होती. ती आता आपली आपण दळू लागली.

दिवेलागणीला ओसरीवरून आवाज यायचा, "मथुरा, प्रेमा जेवली का?"

"तिलाच इचारा मामंजी," मथुराबाई म्हणायची.

पहाटे भिंतीपलीकडं जातं पुन्हा ऐकू येऊ लागलं, पण ते निराळं होतं. मथुराबाईचं जातं एका दमात फिरायचं. हे चार फेरे फिरायचं आणि थांबायचं. मला पलंगावर पडल्यापडल्या ते थांबणं ऐकू यायचं. मथुराबाईलाही येत असणार. तिची झोपायची जागा दोघींच्या खोल्यांमधल्या भिंतीशीच होती.

"माझं जातं नेलं तिनं," एक दिवस ती शाळेच्या पायरीवर येऊन म्हणाली. अकरा वर्षं जिला ते जातं नको होतं, तिचे डोळे भरून आले होते. "हात बघितलाव का तिचं? फोड आलेत. तरी बोलावणार न्हाय. मोठी मानाची."

"मग तुम्ही जा."

"न बोलावता?"

मी वह्या तपासत राहिले. ती आणखी थोडा वेळ बसून गेली.

पाडव्याचा सण झाला, त्याच्या दुसऱ्या पहाटेची गोष्ट. जातं चार फेरे फिरलं आणि थांबलं. दाराची कडी वाजली. नंतर बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही आणि मग जातं एका दमात फिरू लागलं.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत मथुराबाई आली. काय झालं ते मी विचारायच्या आधीच सांगू लागली. ती न बोलता आत गेली, जात्यापुढं समोरासमोर बसली आणि खुंट्याला हात लावला. प्रेमाबाईनं स्वतःचा हात काढला नाही. वरही बघितलं नाही.

"काही बोलली का ती?" मी विचारलं.

"बोलली की. म्हणली, अक्का, आधी हात धुऊन या. काल पोळ्या लाटल्यात तुमी."

"मग?"

मथुराबाईनं दोन्ही तळहात माझ्यापुढं पसरले. मोठे, राठ, नखांपर्यंत घासून लाल झालेले.

"तीनदा धुतले, बाई."